रिकामी दोरी का सोडू नये? धनुष्याचा लिम्ब फुटण्यामागचा हिशेब

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघंही कंपाउंड प्रकारात (टोकाला चाकं असलेल्या धनुष्याच्या) वैयक्तिक जगज्जेते झाले. आदिती तेव्हा जेमतेम सतरा वर्षांची होती. पुढे एप्रिल २०२५ मध्ये ठरलं, की २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा असेल. अशा बातम्या आल्या की घरात धनुष्याचा हट्ट सुरू होतो, पालक मैदानावर चौकशीला जातात आणि तिथे पोरांच्या कानावर पहिला नियम पडतो: बाण लावल्याशिवाय दोरी ओढून सोडायची नाही.

रिकामा पाळणा हलवू नये, रिकामी कात्री वाजवू नये, त्यातलंच हे एक असं मुलांना वाटतं. पण इथे शकुन-अपशकुनाचा संबंध नाही, साधा हिशेब आहे. तो एकदा कळला की धनुष्य कशाने फुटतं, कुठे फुटतं आणि फुटायच्या आधी काय सांगतं, हे सगळं त्यातूनच उलगडतं.

लिम्ब म्हणजे ट्रकचा पाटा

धनुष्याच्या मधला हातात धरायचा कडक भाग म्हणजे रायझर. त्याच्या वरून आणि खालून निघणाऱ्या, वाकणाऱ्या पट्ट्या म्हणजे लिम्ब. मैदानावर हाच शब्द चालतो, म्हणून इथेही तोच वापरू. लिम्बचं काम ट्रकच्या पाट्यासारखं असतं: वाकायचं, ताकद साठवायची आणि सरळ होताना ती परत द्यायची. फरक वेगाचा आहे. पाटा खड्ड्यातून निवांत वर येतो, तर लिम्ब साधारण १५ मिलिसेकंदांत जागेवर येतो. पापणी लवायला याच्या सहज दहापट वेळ लागतो.

आजचा लिम्ब एकसंध नसतो. लांबच लांब काचतंतू किंवा कार्बनतंतू इपॉक्सी नावाच्या चिकट रसायनात बसवून त्याचे थर केलेले असतात. ऑलिम्पिकमध्ये इतकी वर्षं दिसत आलेल्या रिकर्व्ह धनुष्यात (ज्याची टोकं पुढे वळलेली असतात ते) या थरांच्या मध्ये लाकडाचा किंवा फोमचा गाभा असतो. कंपाउंडचे लिम्ब आखूड, जाड आणि फार कडक असतात. टोकाला चाकं असतात, त्यांना कॅम म्हणतात. चाकांची ही युक्ती अमेरिकेतल्या मिसूरीच्या हॉलिस विल्बर ॲलन यांची, तिचं पेटंट त्यांना १९६९ मध्ये मिळालं.

कंपाउंडची एक गोष्ट नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही. भिंतीला टांगलेलं, कुणीही न ओढलेलं कंपाउंड धनुष्यसुद्धा बऱ्यापैकी वाकलेलं असतं. दोरी आणि केबलने ते कायम आवळून धरलेलं असतं. रिकर्व्हची दोरी काढली की लिम्ब मोकळे होतात. कंपाउंडची दोरी कुणी ‘नवी घालू’ म्हणून कात्रीने कापली, तर लिम्ब, कॅम आणि केबल एकाच क्षणी उसळतात. दोरी बदलायला लिम्ब दाबून धरणारं बो प्रेस नावाचं यंत्रच लागतं. ते जवळ नसेल तर दोरीला हात लावू नये.

शंभर ज्यूल जातात कुठे?

आता हिशेब. धनुष्य ओढायला जास्तीत जास्त जितका जोर लागतो, त्याला ड्रॉ वेट म्हणतात आणि तो पाउंडात मोजतात. कंपाउंडला आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ६० पाउंडांची मर्यादा आहे, म्हणजे सुमारे २७ किलो. अशी दोरी अर्धा मीटर मागे ओढली की लिम्बमध्ये साधारण १०० ज्यूल ऊर्जा साठते. ज्यूल म्हटल्यावर डोळ्यांसमोर काही येत नसेल, तर भरलेला घरगुती गॅस सिलिंडर आठवा. त्याचं वजन सुमारे ३० किलो. तो फूट-सव्वा फुटावरून फरशीवर आदळला तर जो दणका बसेल, तो १०० ज्यूलचा.

हा दणका कुणाला तरी झेलावाच लागतो. एरवी तो बाण झेलतो. २३ ग्रॅमचा बाण सेकंदाला ८५ मीटर वेगाने सुटला, तर तो ८० हून थोडे जास्त ज्यूल सोबत घेऊन जातो. उरलेले पंधरा-वीस ज्यूल लिम्बच्या थरथरीत, दोरीत, कॅममध्ये आणि आवाजात जिरतात. धनुष्य घडवलेलं असतं ते या पंधरा-वीस ज्यूलच्या बेताने.

बाणच नसेल तर? शंभरचे शंभर ज्यूल धनुष्यावरच येतात, म्हणजे नेहमीच्या पाच-सहापट. विटी-दांडू खेळताना सगळा जोर लावून दांडू फिरवावा आणि विटी हुकावी, की खांद्याला कसा झटका बसतो! विटी लागली असती तर तो जोर तिच्यासोबत गेला असता. रिकाम्या सोडलेल्या धनुष्यात हा झटका लिम्बच्या टोकांना, कॅमच्या आसांना आणि दोरीला बसतो. याला ड्राय फायर म्हणतात. कधी एकाच वेळी लिम्बच्या चिरफळ्या उडतात, कधी दोरी कॅमवरून निसटते, कधी आस वाकतो. आणि कधी काहीच दिसत नाही. ही शेवटची गत सगळ्यांत फसवी.

हलका बाण म्हणजे अर्धा ड्राय फायर, हेही याच हिशेबातून निघतं. बाण जितका हलका, तितकी ऊर्जा नेण्याची त्याची कुवत कमी. याच धनुष्यावर २३ ऐवजी १० ग्रॅमचा बाण लावला, तर धनुष्यात उरणारा वाटा अंदाजे दुप्पट होतो. म्हणून कंपाउंडसाठी सर्वसाधारण नियम असा: ड्रॉ वेटच्या दर पाउंडामागे बाणाचं वजन किमान ५ ग्रेन हवं. ग्रेन हे बाण तोलायचं माप, एक ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम. म्हणजे ६० पाउंडांना ३०० ग्रेन, साडेएकोणीस ग्रॅम. यात टोक, पिसं, मागची खाच सगळं धरायचं. सोनाराच्या काट्यावर किंवा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दोन मिनिटांत कळतं. कंपनीच्या पुस्तिकेत यापेक्षा जास्त आकडा दिला असेल तर तोच खरा. दहावीस ग्रेन वाचवून वेग वाढवायच्या नादात लिम्ब गमावणारे थोडे नाहीत.

‘मी तर बाण लावूनच सोडला होता!’

मुद्दाम रिकामी दोरी सोडणारे कमी. बहुतेक ड्राय फायर नकळत होतात आणि त्यातल्या बऱ्याचशा भानगडी नॉकपाशी सुरू होतात. नॉक म्हणजे बाणाच्या मागच्या टोकाची प्लॅस्टिकची खाच, जी दोरीवर बसते. बाजारात ती काही रुपयांना मिळते, आणि लाखाच्या घरातल्या धनुष्याची सगळी ऊर्जा तिच्यातूनच बाणात जाते. आधीच्या बाणावर दुसरा बाण आदळून नॉकला केसाएवढी चीर गेली असेल, तर सुटताक्षणी तिचे दोन तुकडे होतात, बाण जागेवर राहतो आणि दोरी मोकळीच पुढे धावते.

म्हणून दर फेरीनंतर बाण उपटून आणताना नॉक बोटांनी दाबून, किंचित पिळून पाहायची. शंका आली की बदलायची. ती दोरीवर किती घट्ट बसते हेही पाहायचं. बाण टोक जमिनीकडे करून दोरीला नुसत्या नॉकवर लटकवा. तो आपसूक लटकून राहायला हवा आणि दोरीला बोटाने टिचकी मारली की पडायला हवा. लटकतच नसेल तर नॉक सैल आहे, ओढता ओढता ती दोरीवरून सुटेल. टिचकीने पडत नसेल तर फार घट्ट आहे.

दुसरं कारण रिलीज एड. कंपाउंडवाले दोरी बोटांनी न धरता खटक्याच्या छोट्या साधनाने धरतात. खटका वेळेआधी सुटला आणि बाण नीट बसलेला नसला, की झालंच. खटक्याचा सराव धनुष्यावर करूच नये. आपल्या ओढीच्या मापाची नायलॉनच्या दोरीची गाठ मारून त्यावर करावा, वर्षभर केला तरी काही बिघडत नाही.

तिसरं, कॅमवरून दोरी उतरणं. दोरी तिरकी ओढली किंवा पकड पिळली गेली, की ती खाचेतून बाहेर येते. सायकलची चेन उतरावी तसं. फक्त इथे चेनला शंभर ज्यूल जोडलेले असतात.

चौथं कारण माणसांचं आहे. ‘बघू किती जड आहे’ म्हणत मित्र ओढतो, अर्ध्यात हात थरथरतो आणि दोरी निसटते. दुसऱ्याचं धनुष्य बाण न लावता ओढून बघायला मागणं हे मैदानावर शिष्टाचाराला सोडून समजतात, ते उगीच नाही.

आत नेमकं काय फाटतं?

ऊस गुडघ्यावर वाकवून पाहा. बाहेरच्या बाजूची साल ताणली जाऊन फाटते आणि आतल्या बाजूला ती चेपून सुरकुतते. लिम्बचंही तसंच. निशाणाकडची बाजू ताणली जाते, दोरीकडची दाबली जाते, आणि हा ताण-दाब पृष्ठभागावर सर्वांत जास्त असतो. म्हणून वरवरचा ओरखडाही महाग पडतो: जिथे जोर सर्वाधिक, तिथलेच तंतू त्याने कापलेले असतात.

मधोमध ताण नसतो, पण तिथे वेगळाच त्रास असतो. दोनशे पानी वही वाकवली की पानं एकमेकांवरून सरकतात. लिम्बचे थरही असेच सरकू पाहतात, आणि इपॉक्सी त्यांना सरकू देत नाही. ही पकड सुटली की थर वेगळे होतात.

तेव्हा फुटण्याच्या तीन तऱ्हा आणि त्यांच्या तीन खुणा. ताणाच्या बाजूला तंतू उचकटतो, बांबूचं कुसळ उभं राहतं तसा, बहुतेकदा कडेपासून. दाबाच्या बाजूला आडवी, बारीक, सुरकुतीसारखी रेघ उमटते, आणि ही आडवी रेघ फार वाईट. थर सुटले तर कडेला लांबट चीर दिसते, पारदर्शक काचतंतूखाली पांढुरका डाग दिसतो, किंवा फुगवटा दिसतो.

बांबूकडे पाहिलं तर हे जुनंच शहाणपण आहे असं वाटतं. बांबूचे सर्वांत दाट, चिवट तंतू सालीलगत असतात, आत जावं तसे ते विरळ होतात. म्हणजे जोर जिथे जास्त, तिथेच माल मजबूत. आपल्याकडच्या आदिवासी भागातला तिरकामठा असो की राष्ट्रीय स्पर्धांमधल्या इंडियन राउंडचं बांबूचं धनुष्य असो, साल तासून पेरं गुळगुळीत केली की तंतू तुटतात आणि चीर तिथूनच निघते. दिसायला खडबडीत, पण तेच बरं.

उन्हात उभी गाडी

तंतू उष्णतेला फारसे बधत नाहीत, चिकटवणारं रसायन बधतं. काही इपॉक्सी साठ-सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास नरमायला लागतात. बाहेर चाळीस अंश असताना बंद गाडीत तासाभरात साठच्या वर पारा जातो, डिकीचा पत्रा तर त्याहून तापतो. विदर्भात मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढचं ऊन नवं नाही. अशा गाडीत ठेवलेलं कंपाउंड कायम आवळलेलंच असतं, म्हणजे गोंद नरम आणि वरून सतत ओढ. स्पर्धेच्या ठिकाणी दुपारी जेवायला जाताना धनुष्य गाडीत टाकून जाणं ही त्यामुळे सगळ्यांत महागडी आळशी सवय. मैदानावर सावलीत, स्टँडवर राहू द्यावं.

घरी रिकर्व्हची दोरी उतरवून ठेवावी आणि लिम्ब भिंतीला तिरके टेकवून ठेवू नयेत, पिळतात. दोरी चढवतानाही धनुष्यात पाय घालून वाकवण्याची जुनी पद्धत लिम्ब पिळते. बो स्ट्रिंगर नावाची दोनशे-चारशे रुपयांची दोरी मिळते, ती वापरावी. पावसाळ्यात ओलं झालेलं धनुष्य कोरडं पुसून ठेवावं. थिनर किंवा ॲसिटोनने पुसू नये, लेपासकट खालचा गोंदही ते खातात.

दमट हवेची ही कटकट फार जुनी आहे. मुघलकाळी शिंग, लाकूड आणि जनावराच्या स्नायूंचे तंतू सरसाने चिकटवून उत्तम धनुष्यं होत. पण सरस दमटपणात सुटतो. भारतात पोलादी धनुष्यंही बनली, त्यामागे शस्त्रागारात वर्षानुवर्षं टिकणं हे एक कारण होतं. अर्थात पोलादाचा स्वभाव वेगळा. तंतूंचा लिम्ब कुरकुरत, सांगत-सवरत जातो, पोलाद एकदम तुटतं.

क्रॉसबोचं प्रकरण आणखी तापट का?

क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारख्या दांड्यावर आडवं बसवलेलं धनुष्य. दोरी मागे अडकवून ठेवायची आणि घोडा दाबून सोडायची. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे (१९७२) आपल्याकडे शिकारीला बंदी आहे. अमेरिकेत मात्र हरणाच्या शिकारीसाठी तो सर्रास वापरतात, आणि तिथल्या मराठी मंडळींच्या शेजाऱ्याच्या गॅरेजात तो असायचाच.

धनुष्याची दोरी अर्धा मीटर मागे येते, क्रॉसबोची जेमतेम २५ ते ३८ सेंटिमीटर. एवढ्याशा अंतरात तितकीच किंवा जास्त ऊर्जा भरायची तर लिम्ब फार कडक हवेत. म्हणून त्याचं ड्रॉ वेट १५० ते २०० पाउंड, कधी त्याहून जास्त. वर हे लिम्ब ओढलेल्या अवस्थेत तासन्‌तास राहू शकतात. हाताने ओढलेलं धनुष्य दहा सेकंदांत माणसाला थकवतं आणि सुटतं. क्रॉसबोला थकवा माहीत नाही, त्याचा भार लिम्ब सोसतात. किती तास ओढून ठेवायचं ते पुस्तिकेत दिलेलं असतं, ते पाळायचं. शिकार मिळाली नाही तर खास जुना बाण लावून जमिनीत किंवा जाड निशाणात सोडायचा. बाण काढून रिकामा घोडा दाबायचा नाही.

त्याच्या नॉकही दोन-तीन जातींच्या असतात: काही सपाट, काही अर्धचंद्राकृती. ज्या क्रॉसबोला अर्धचंद्र सांगितला आहे त्यात सपाट लावली, तर दोरी बाणाच्या वरून किंवा खालून निसटू शकते. बाण पाहिला तर दांड्यावरच्या पन्हळीत बसलेला दिसतो, पण ड्राय फायर झालेला असतो. दुकानात ‘एकच आहे हो’ म्हणून दिलेला बाण घेऊ नये. आधुनिक यंत्रांमध्ये बाण नसेल तर दोरी अडवणारा खटका असतो, तो जपावा, पण त्याच्या भरवशावर राहू नये. आणि पुढचा हात दोरीच्या वाटेत, पन्हळीच्या वर येऊ देऊ नये. क्रॉसबोच्या दुखापतींत अंगठा पहिला.

कापसाचा बोळा आणि दोन मिनिटं

तपासणीला यंत्र लागत नाही. सत्र सुरू करायच्या आधी, धनुष्य न ओढता, असं करावं.

औषधाच्या दुकानातला कापूस घ्या, चिंचोक्याएवढा बोळा पुरे. लिम्बच्या मुळापासून टोकाकडे दोन्ही पृष्ठांवरून आणि दोन्ही कडांवरून तो हलक्या हाताने फिरवा. कुठे उचकटलेला तंतू असेल तर कापसाचा धागा तिथे अडकून राहतो. उघड्या बोटांनी हे करू नका, काचतंतूचं कुसळ चामडीत शिरलं की दिसतही नाही आणि निघतही नाही. कडांवर जास्त वेळ द्या. कंपाउंडमध्ये आस जिथून जातो ते टोक आणि लिम्ब जिथे रायझरच्या खाचेत बसतो ते मूळ, या दोन जागा डोळ्यांनीही पाहा. मोबाइलचा टॉर्च लिम्बला जवळजवळ टेकवून आडवा धरा, चिरेची सावली पडते. समोरून प्रकाश टाकला तर काहीच दिसत नाही.

रेघ दिसली तर ती रंगाची की मालाची? नख आडवं ओढा. नख अडकलं नाही आणि रेघ नुसती वरच्या चमकदार लेपात असेल, तर बहुतेक लेपच तडकलाय. फोटो काढून तारीख लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी ताडून बघा. नख अडकलं, किंवा रेघ आडवी दाबाच्या बाजूला असेल, तर धनुष्य त्या दिवशी पेटीत.

कानही उघडे ठेवा. ओढताना नवा ‘कट’ किंवा ‘टिक’ आवाज आला तर तसंच पूर्ण ओढून खात्री करायच्या भरीस पडू नका. बाण निशाणाच्या दिशेला ठेवूनच सावकाश दोरी पुढे न्या. बाण अचानक खाली लागू लागले, धनुष्य हलकं वाटू लागलं, कॅम एका बाजूला कलला, वरच्या-खालच्या लिम्बचं दोरीपासूनचं अंतर बदललं, या सगळ्या त्याच तक्रारी आहेत. तिरंदाज मात्र अशा वेळी आधी स्वतःच्या तंत्राला दोष देतो आणि आणखी पन्नास बाण मारतो.

काही हमखास प्रश्न

‘कंपाउंड पूर्ण ओढलं की हातात फक्त बारा-पंधरा पाउंड राहतात. मग लिम्बवर कसला भार?’ हातावरचा भार कॅमच्या आकारामुळे कमी होतो, लिम्बवरचा नाही. पूर्ण ओढीला लिम्ब सगळ्यांत जास्त वाकलेला असतो. कप्पीने पोतं उचलताना तुमचा जोर कमी लागतो, म्हणून वासा काही हलका होत नाही.

‘पाच वेळा रिकामं सोडलं, काही झालं नाही.’ विहिरीचा दोर एकेक पदर तुटत जातो आणि शेवटच्या दिवशी सगळे म्हणतात, काल तर चांगला होता. तंतूंचा लिम्ब तसाच. ड्राय फायर झालं की आधी कितीदा निभावलं ते मोजायचं नाही: धनुष्य लगेच बाजूला, जाणकाराकडून लिम्ब, कॅम, आस, दोरी आणि केबल तपासून घ्यायची. बहुतेक कंपन्या ड्राय फायरचं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत, त्यामुळे काही जण ते दडवतात. दुकानदाराला खोटं सांगा हवं तर, पण तपासणाऱ्याला खरं सांगा.

‘फेव्हिक्विक लावून दोरा गुंडाळला तर?’ जुन्या लाकडी-काचतंतूच्या रिकर्व्हवर कडेचं बारीक कुसळ अनुभवी कारागीर बसवतात, हे खरं. कंपाउंड आणि क्रॉसबोच्या लिम्बला मात्र डागडुजी नाही. गोंद चिरेचं तोंड बुजवतो, आतले तुटलेले तंतू जोडत नाही, आणि चीर वाढतेय हे दिसायची सोयही घालवतो. बदलताना जोडीच बदलावी. लिम्ब कडकपणा मोजून जुळवलेले असतात. एक नवा एक जुना लावला की एक जास्त वाकतो.

‘मुलगा उंच झालाय, जुनं रिकर्व्ह चालेल?’ लिम्बवर लिहिलेलं वजन २८ इंच ओढीचं असतं. त्यापुढे दर इंचाला साधारण दोन ते अडीच पाउंड वाढतात. ३१ इंच ओढणाऱ्या मुलाच्या हातात ३० पाउंडांचं धनुष्य छत्तीस-सदतीसचं होतं, आणि लिम्ब ठरल्यापेक्षा जास्त वाकतात. ६६ इंची आखूड धनुष्यावर हे आणखी जाचतं. ओढ तीस इंचांच्या आसपास गेली की ७० इंची धनुष्य बघावं.

‘जुन्या लाकडी धनुष्याला नवी, न ताणणारी दोरी लावली तर बाण जोरात जातो म्हणे.’ जातो. पण जुनी पॉलिएस्टरची दोरी शेवटच्या क्षणी थोडी ताणून झटका जिरवायची, नवी जिरवत नाही. टोकं मजबूत केलेली नसतील तर ती लाकडात रुतून चीर पाडते.

‘रिसॉर्टवरच्या तिरंदाजीचं काय?’ तिथली धनुष्यं हलकी असतात, पण दिवसभर उन्हात आणि शंभर हातांतून जातात. मुलाला रांगेत उभं करण्याआधी लिम्बच्या कडा नुसत्या पाहा. चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली किंवा नॉक तुटके दिसले, तर झिपलाइनकडे न्या. आणि पुढच्या मुलाचा बाण सुटेपर्यंत आपला मुलगा त्याच्या शेजारी नाही, मागे उभा हवा. फुटलेल्या लिम्बचे तुकडे बाजूलाही उडतात.

फुटलाच तर

हातातलं धनुष्य फुटलं की पहिली ओढ ते टाकून द्यायची असते. पण अर्धवट फुटलेल्या कंपाउंडमध्ये दुसरा लिम्ब अजून आवळलेला असतो. चेहऱ्यापासून लांब धरून सावकाश जमिनीवर ठेवावं, आजूबाजूच्यांना मागे घ्यावं, दोरी किंवा केबल सोडवायला जाऊ नये. डोळ्यात काही गेल्यासारखं वाटलं तर चोळायचं नाही, थेट डॉक्टर. डोळ्याला चष्मा असेल तर अशा वेळी त्याचा उपयोग कळतो, म्हणून तपासणी आणि दुरुस्ती करताना साधा सेफ्टी गॉगल घालावा.

निकामी ठरलेले लिम्ब क्लबच्या कोपऱ्यात ‘असू दे, कधीतरी लागेल’ म्हणून ठेवतात. दोन वर्षांनी एखादा नवा मुलगा ते उचलतो आणि रायझरला बसवतो. म्हणून सुटे केलेले लिम्ब टाकताना हॅकसॉने मधून कापावेत. कापताना तोंडाला मास्क बांधावा आणि ब्लेडवर पाणी सोडत राहावं, काचतंतूची धूळ फुफ्फुसात जायला नको. कापणं जमत नसेल, तर निदान ऑइलपेंटने दोन्ही बाजूंना मोठी लाल फुली मारावी.